स्तनकर्करोग तपासणी आणि भूगोल: आपण नेमकं कोणतं अंतर मोजतोय?



माझ्या सिनॉप्सिसमध्ये एक नकाशा होता. पूर्व विदर्भाचा. मॅमोग्राफीची सोय असलेली ठिकाणं टिंबांनी दाखवलेली, प्रत्येक टिंबाभोवती ठरावीक अंतराचं वर्तुळ, वर्तुळाच्या आत हिरवा रंग आणि बाहेर लाल. नागपूर आणि दोन-चार मोठ्या गावांभोवती हिरवं, बाकी लालच लाल. खाली ओळ होती : 'स्तनकर्करोग तपासणी सेवांच्या उपलब्धतेतील भौगोलिक विषमता'. कमिटीला नकाशा आवडला. मलाही आवडला होता. पुढे दीड वर्षाने तो अख्ख्या प्रकरणासकट मी काढून टाकला.

का काढला, ते आज सांगते. तुमच्यापैकी बरेच जण पेटची तयारी करताय, काहींचा विषय सार्वजनिक आरोग्य, भूगोल किंवा लोकसंख्याशास्त्राचा आहे. या सगळ्यांच्या वाट्याला 'सेवांची उपलब्धता' या प्रकारचे पेपर येणारच. ते वाचताना टीका कशी करायची, हे मी माझ्याच चुकीवरून दाखवणार आहे. टीका म्हणजे लेखकाचे दोष मोजणं नव्हे. पेपरने काय मोजलं आणि काय मोजल्याचा दावा केला, या दोन्हींत किती फट आहे ते तपासणं म्हणजे टीका.

आधी शब्द नीट करू

मराठीत 'तपासणी' या एकाच शब्दात दोन गोष्टी येतात आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो. स्क्रीनिंग म्हणजे ज्या बाईला काहीही त्रास नाही तिची तपासणी. धान्य चाळावं तसं हे चाळणं आहे. चाळणीत संशयास्पद काही राहिलं, तरी तो कॅन्सर असतोच असं नाही. निदान ही पुढची पायरी. सोनोग्राफी, मॅमोग्राफी, सुईने पेशी काढणं, बायोप्सी, आणि ते काचपट्टीवर पाहून रिपोर्ट देणारा पॅथॉलॉजिस्ट, हे सगळं निदानात येतं.

स्क्रीनिंगचेही तीन प्रकार ऐकायला मिळतात. एक, बाईने स्वतःच स्वतःची तपासणी करणं. शांघायमधल्या कापड गिरण्यांतल्या सुमारे २ लाख ६६ हजार स्त्रियांवर याची मोठी चाचणी झाली. २००२ साली तिचे निष्कर्ष आले : पद्धतशीर शिकवूनही मृत्यू कमी झाले नाहीत. दोन, प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्याने हाताने केलेली तपासणी. तिला सीबीई म्हणतात. तीन, मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा खास एक्स-रे. कोणताही पेपर हातात घेतला की आधी बघा, यातलं नेमकं काय त्यांनी मोजलंय. मी सिनॉप्सिस लिहिताना हे स्वतःला विचारलंच नव्हतं.

नकाशाची पद्धत आली कुठून?

आरोग्यसेवेच्या असमान वाटणीचा प्रश्न जुना आहे. वेल्समधले डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ साली 'लॅन्सेट'मध्ये 'उलट्या सेवेचा नियम' मांडला : जिथे गरज जास्त, तिथे चांगली वैद्यकीय सेवा मिळण्याची शक्यता कमी. पुढे संगणक आणि जीआयएस आले आणि हा नियम नकाशावर दाखवता येऊ लागला.

अमेरिकेत १९९२ साली मॅमोग्राफी केंद्रांच्या दर्जाविषयी कायदा झाला. त्यानुसार प्रत्येक केंद्राला प्रमाणपत्र लागतं आणि प्रमाणित केंद्रांची यादी सगळ्यांना खुली असते. म्हणजे संशोधकाला प्रत्येक मशीनचा पत्ता आयता मिळतो. त्यावरून घर ते केंद्र प्रवासाचा वेळ काढायचा आणि ग्रामीण-शहरी फरक दाखवायचा, अशा पेपरांची मोठी परंपरा तिकडे आहे.

यात वापरली जाणारी एक लोकप्रिय पद्धत लुओ आणि वांग यांनी २००३ साली मांडली. दोन पायऱ्यांची म्हणून ती ओळखली जाते. सोपं, काल्पनिक उदाहरण घेऊ. एका केंद्रात १ मशीन आहे आणि अर्ध्या तासाच्या अंतरात १० हजार बायका राहतात. पहिली पायरी : त्या केंद्राचं गुणोत्तर दर १० हजारांमागे १. दुसरी पायरी : एका गावातून अशी दोन केंद्रं अर्ध्या तासात गाठता येत असतील, तर दोन्हींची गुणोत्तरं मिळवायची. त्या गावाचा गुण झाला २. शेजारच्या गावातून एकही केंद्र गाठता येत नसेल, तर त्याचा गुण शून्य. यात मागणी आणि पुरवठा दोन्ही येतात, म्हणून नुसत्या वर्तुळापेक्षा ही पद्धत बरी.

तिकडे ती चालते, कारण तिकडे स्क्रीनिंग म्हणजे मॅमोग्राफीच. ब्रिटनमध्ये फॉरेस्ट समितीचा अहवाल १९८६ साली आला आणि १९८८ पासून कार्यक्रम सुरू झाला. ५० ते ७० वर्षांच्या बाईला दर तीन वर्षांनी पत्र येतं, अनेक ठिकाणी मशीन असलेली व्हॅनच गावात येऊन उभी राहते. फोटोत संशय आला तर पुढच्या तपासणीचं क्लिनिक ठरलेलं असतं आणि तिथे पुन्हा बोलावलं जातं. म्हणजे मशीनच्या मागे अख्खी साखळी उभी आहे. ती साखळी सगळीकडे साधारण सारखी असली, तर मशीनपर्यंतचं अंतर मोजणं पुरेसं ठरतं. हे गृहीतक तिकडच्या पेपरांत लिहिलेलं नसतं, कारण त्यांना ते लिहायची गरज वाटत नाही. आपण पद्धत उचलतो तेव्हा न लिहिलेलं गृहीतकही सोबत उचलतो.

तीच पद्धत इथे वापरली की काय होतं?

आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात स्तनकर्करोगाचं स्क्रीनिंग मॅमोग्राफीने होत नाही. केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक आराखड्यात ३० ते ६५ वर्षांच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी हाताने तपासणी करायची असं ठरलंय. आशाताई घरोघरी जाऊन एक फॉर्म भरते, नर्स किंवा डॉक्टर तपासणी करतात, काही सापडलं तर वर पाठवतात.

मग माझा मॅमोग्राफीचा नकाशा कशाचा होता? जी सेवा कार्यक्रमात स्क्रीनिंगसाठी नाहीच, तिचा.

बरं, चूक दुरुस्त करू म्हटलं. मॅमोग्राफी काढून उपकेंद्रं टाकली. निकषाप्रमाणे सपाट भागात ५ हजार लोकसंख्येला एक आणि डोंगराळ-आदिवासी भागात ३ हजारांना एक उपकेंद्र असतं. प्राथमिक आरोग्य केंद्र ३० हजारांना, आदिवासी भागात २० हजारांना. नवा नकाशा बनवला आणि सगळीकडे हिरवंगार! त्या नकाशाप्रमाणे विषमता जवळपास संपलेलीच होती.

एकच प्रदेश, एकच आजार, एकच सॉफ्टवेअर. एक नकाशा म्हणतो काहीच पोहोचत नाही, दुसरा म्हणतो सगळं पोहोचलंय. दोन्ही खोटे आहेत, हे कळायला एक आकडा पुरेसा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) भारतातल्या ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी फक्त ०.९ टक्के स्त्रियांनी सांगितलं की स्तनकर्करोगासाठी त्यांची कधीतरी तपासणी झाली आहे. शंभरात एकसुद्धा नाही. उपकेंद्र जवळ आहे आणि तपासणी झालेली नाही, या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

पण थांबा, हा ०.९ टक्केही तपासून घ्या

इथे बरेच विद्यार्थी दोन खड्ड्यांत पडतात.

पहिला खड्डा : चौथ्या फेरीत (२०१५-१६) स्तन तपासणीचा आकडा ९.८ टक्के होता. पाचव्या फेरीत ०.९. लगेच वाक्य लिहिलं जातं, 'पाच वर्षांत तपासणीचं प्रमाण दहापटीने घटलं.' नाही हो. चौथ्या फेरीत वयोगट १५ ते ४९ होता आणि प्रश्न 'स्तनांची तपासणी कधी झाली आहे का' एवढाच होता. बाळंतपणात दूध उतरत नाही म्हणून नर्सने पाहिलं असेल, तरी उत्तर 'हो' येऊ शकतं. पाचव्या फेरीत प्रश्न 'कर्करोगासाठी' असा नेमका केला आणि प्रसिद्ध आकडा ३० ते ४९ वयोगटाचा दिला. प्रश्न बदलला, वयोगट बदलला, मग तुलना कसली? आकड्यांपेक्षा आधी प्रश्नावली वाचा. ती पीडीएफ सगळ्यांना उपलब्ध असते आणि फार कमी लोक उघडतात.

दुसरा खड्डा थेट भूगोलाचा आहे. पाचव्या फेरीत ७०७ जिल्ह्यांतल्या ७ लाख २४ हजार स्त्रियांच्या मुलाखती झाल्या. भागाकार करा : एका जिल्ह्यात सरासरी १ हजारच्या आसपास. त्यातल्या ३० ते ४९ वयाच्या धरा साडेचारशे. त्यांचे ०.९ टक्के म्हणजे किती? चार बायका.

आता याच आकड्यांवरून जिल्हावार नकाशा रंगवलेला असतो. एका जिल्ह्यात २ बायका 'हो' म्हणाल्या, शेजारच्या जिल्ह्यात ६. नकाशावर एक गडद लाल, एक फिकट, आणि पेपरमध्ये वाक्य : 'शेजारील जिल्ह्यांत तिप्पट तफावत'. साडेचारशेत चार असतील, तर खरं प्रमाण ०.२ पासून २.३ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतं. नमुना गुच्छांनी निवडलेला असल्यामुळे प्रत्यक्षात ही मर्यादा आणखी रुंद होते. दोन आणि सहा यांच्यातला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो. रंग मात्र अगदी खात्रीने बोलतात. राज्यपातळीवर हा प्रश्न कमी होतो. तमिळनाडू बाकीच्यांपेक्षा बरंच पुढे आहे, हे म्हणायला नमुना पुरतो. जिल्ह्याजिल्ह्यांचा क्रम लावायला तो पुरत नाही.

आणि एक तिसरी गोष्ट आहे, तिचं महत्त्व मला उशिरा कळलं. या सर्वेक्षणात स्त्रियांची मुलाखत ४९ वर्षांपर्यंतच होते. ५० ते ६५ वयाच्या बायका कार्यक्रमात आहेत, डेटात नाहीत. ही उणीव किती मोठी आहे हे पुढच्या अभ्यासात दिसतं.

मुंबईचा अभ्यास काय सांगतो आणि काय सांगत नाही

हाताने केलेल्या तपासणीने जीव वाचतात का, यावरचा भारतातला सगळ्यात मोठा पुरावा मुंबईचा आहे. टाटा मेमोरियलच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ही चाचणी सुरू केली. मुंबईतल्या २० वस्त्या-गटांतल्या ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजार ५३८ स्त्रिया त्यात होत्या. निम्म्या गटांत प्रशिक्षित आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत हाताने तपासणी केली. उरलेल्या गटांना कॅन्सरची माहिती दिली. वीस वर्षांचा पाठपुरावा करून २०२१ साली निष्कर्ष 'बीएमजे'मध्ये आले.

तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडणाऱ्या कॅन्सरचं प्रमाण तपासणी न झालेल्या गटात ४७ टक्के होतं, तपासणीच्या गटात ३७ टक्के. स्तनकर्करोगाने होणारे मृत्यू एकूण १५ टक्क्यांनी कमी दिसले, पण संख्याशास्त्रीय दृष्ट्या तो फरक निश्चित म्हणता येत नव्हता. ५० आणि त्यापुढच्या वयाच्या स्त्रियांत मात्र मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी होते. हे वयानुसारचं विश्लेषण नंतर केलेलं आहे, म्हणून जरा जपून वाचायचं. तरीसुद्धा लक्षात घ्या : ज्या वयोगटात फायदा दिसला, नेमका तोच वयोगट आपल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात नाही.

आता भूगोलाचा चष्मा लावून हा पेपर परत वाचा. सेविका वस्तीत जात होत्या, म्हणजे स्क्रीनिंगपर्यंतचं अंतर संशोधकांनीच मिटवलं होतं. संशय आलेल्या बाईसाठी निदान आणि उपचार करणारं, देशातलं सगळ्यात नावाजलेलं कॅन्सर रुग्णालय त्याच शहरात होतं. लोकलने जाता येईल इतकं जवळ. एवढं असूनही पाठवलेली प्रत्येक बाई पुढच्या तपासणीला पोहोचली नाही.

आपण या अभ्यासाचा हवाला देऊन म्हणतो, 'हाताने केलेली तपासणी परिणामकारक आहे, म्हणून ती उपकेंद्रावर सुरू करा.' पण मुंबईत जे सिद्ध झालं त्यात दोन भाग होते : हाताची तपासणी, आणि तिच्यामागे असलेलं परळ. सिरोंच्याच्या उपकेंद्रात पहिला भाग नेता येतो. दुसरा कसा नेणार? सिरोंचा ते गडचिरोली, म्हणजे आपल्याच जिल्ह्याचं ठिकाण, जवळपास २०० किलोमीटर आहे. ही चूक मुंबईच्या संशोधकांची नाही. त्यांनी त्यांचा प्रश्न चोख सोडवला. अर्धा उपाय उचलून पूर्ण परिणामाची अपेक्षा करणारे आपण.

रिकामा रकाना

हे मला पेपर वाचून कळलं असं सांगितलं तर खोटं होईल. एका आदिवासीबहुल तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मी रजिस्टर बघायला गेले होते. स्क्रीनिंग शिबिराचं रजिस्टर नीट ठेवलेलं होतं. नाव, वय, गाव, तपासणी, संशयित असल्यास 'पुढे पाठवले' असा रकाना आणि त्यात बरोबरच्या खुणा. त्याच्या पुढचा रकाना होता 'निदान'. तो पानामागून पान रिकामा होता.

मी आशाताईंना विचारलं, या बायकांचं पुढे काय झालं? त्या म्हणाल्या, "मॅडम, गाठ आहे म्हनून सांगाले काय लागते जी? पन तिले समोर नेईल कोन?"

मग त्यांनी एका बाईचं सांगितलं. गाठ होती, दुखत नव्हती. दुखत नाही म्हणजे साधी असेल, असं घरच्यांचं मत. जिल्ह्याला जायचं तर पहाटेची मुक्कामी एसटी पकडायची, सोबतीला कोणीतरी हवं, म्हणजे दोघांची मजुरी बुडणार. एवढं करून गेल्यावर सुईच्या तपासणीची तारीख वेगळी, रिपोर्टची वेगळी. तीन फेऱ्या. रोवणीचे दिवस होते. "रोवणी झाली का जाऊ" असं ठरलं. रोवणी झाली, मग कापणी आली.

त्या बाईचं घर उपकेंद्रापासून चालत दहा मिनिटांवर होतं. माझ्या दुसऱ्या नकाशावर ती हिरव्या भागात होती.

परत आल्यावर मी हे गाईडना सांगितलं. सर एवढंच म्हणाले, "तुझ्या नकाशात अंतर सुरू कुठे होतं आणि संपतं कुठे, ते लिहून आण." मी लिहिलं : सुरुवात घर, शेवट तपासणीची खोली. लिहिल्यावर चूक दिसली. बाईसाठी तपासणीच्या खोलीपासून प्रवास सुरू होतो.

किलोमीटर की दिवस?

'उपलब्धता' या शब्दावर पेंचान्स्की आणि थॉमस यांचा १९८१ चा पेपर जरूर वाचा. त्यांनी सेवा मिळण्याच्या पाच बाजू सांगितल्या : सेवा आहे का, तिथे पोहोचता येतं का, तिच्या वेळा आणि पद्धत लोकांच्या सोयीच्या आहेत का, परवडते का, आणि लोकांना ती स्वीकारार्ह वाटते का. माझा नकाशा यातली जेमतेम दुसरी बाजू मोजत होता आणि शीर्षकात पाचही बाजूंचा दावा करत होता.

यावर मार्ग काय? जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्तनकर्करोगासाठी जो आराखडा दिला, त्यात तीन लक्ष्यं आहेत. ६० टक्क्यांहून जास्त कॅन्सर पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात सापडावेत. बाई पहिल्यांदा दाखवायला आल्यापासून ६० दिवसांत निदान व्हावं. ८० टक्के रुग्णांचे उपचार पूर्ण व्हावेत. बघा, यात किलोमीटर कुठेच नाही. अंतर दिवसांत मोजलंय. दिवसांत मोजलं की एसटी, मजुरी, रोवणी, पॅथॉलॉजिस्टची रिकामी जागा, हरवलेला रिपोर्ट, सगळं आपोआप मोजमापात येतं. पैशांचंही तसंच. उपचारांसाठीच्या विमा योजना प्रामुख्याने रुग्णालयात दाखल झाल्यानंतरच्या खर्चाभोवती बांधलेल्या आहेत. निदानाआधीच्या त्या तीन फेऱ्या बहुतेक वेळा बाईच्या खिशातूनच होतात.

माझं म्हणणं खरं असेल, तर मशीन जवळ न आणताही परिस्थिती बदलल्याचं उदाहरण सापडायला हवं. ते आपल्याच राज्यात आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. शहरातली नोंदणी रुग्णालयांत बसून होते. बार्शीत ते शक्य नव्हतं, कारण गावातले रुग्ण रुग्णालयात येतच नव्हते. म्हणून नोंदणीचे कर्मचारी गावोगाव गेले, लक्षणं समजावून सांगितली आणि संशयित रुग्णांना बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयापर्यंत आणायची व्यवस्था केली. त्यानंतरच्या वर्षांत गर्भाशयमुखाचा कॅन्सर आधीच्या टप्प्यात सापडू लागल्याचं नव्वदच्या दशकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत दिसलं. स्क्रीनिंगची कुठलीही चाचणी न करता. हा पुरावा दुसऱ्या कॅन्सरचा आहे, तो स्तनकर्करोगाला जसाच्या तसा चिकटवू नका. पण गाव आणि रुग्णालय यांच्यातले किलोमीटर तेवढेच होते आणि तरी निदान लवकर होऊ लागलं, एवढं त्यातून नक्की घेता येतं.

मग किलोमीटरला काहीच अर्थ नाही?

आहे. मी दुसऱ्या टोकाला जाऊ नये म्हणून हेही लिहिते. अमेरिकेतल्या अभ्यासांत दिसलंय की रेडिएशन केंद्रापासून लांब राहणाऱ्या स्त्रिया स्तन वाचवणाऱ्या शस्त्रक्रियेऐवजी पूर्ण स्तन काढण्याकडे जास्त वळतात, कारण रेडिएशनसाठी आठवडेच्या आठवडे रोज जावं लागतं. तिथे किलोमीटर थेट बाईच्या शरीरावर उमटतात. प्रश्न एवढाच की साखळीतल्या कोणत्या दोन कड्यांमधलं अंतर तुम्ही मोजताय.

आणि हा वाद फक्त प्रबंधापुरता नाही. लाल नकाशा पाहिला की त्यावरचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे मशीन विकत घेणं. व्हॅन आली की उद्घाटन होतं, फोटो येतो, नकाशावर हिरवं वर्तुळ वाढतं. पॅथॉलॉजिस्टची जागा भरली तर कुठलंच वर्तुळ वाढत नाही. आपण जे मोजतो त्यावर पैसा जातो. आपण चुकीचं अंतर मोजलं, तर पैसा चुकीच्या टोकाला जाईल आणि रजिस्टरमध्ये बरोबरच्या खुणा तेवढ्या वाढतील. निदान न होता फक्त 'तुला गाठ आहे' एवढंच कळलेल्या बायकांची संख्या वाढवणं, याला सेवा म्हणता येत नाही.

पुढच्या वेळी पेपर वाचताना

या विषयावरचा कोणताही पेपर हातात आला की हे प्रश्न समासात लिहा :

१. 'तपासणी' म्हणजे इथे नेमकी कोणती? त्या देशाच्या कार्यक्रमात तीच वापरतात का?

२. अंतर कुठून सुरू होतं आणि कुठे संपतं? संपतं तिथे बाईचं काम झालेलं असतं का?

३. नकाशातल्या एकेका रंगामागे प्रत्यक्षात किती बायका आहेत? टक्क्यांवरून परत माणसांवर या.

४. दोन काळांची तुलना असेल, तर दोन्ही वेळी विचारलेला प्रश्न शब्दशः सारखाच होता का?

५. कोणत्या वयाच्या, कोणत्या गावांतल्या बायका डेटात आलेल्याच नाहीत?

६. परिणाम दाखवणारा अभ्यास कुठे झाला, आणि तिथे गृहीत धरलेली कोणती गोष्ट तुमच्या भागात नाही?

सहाव्या प्रश्नावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. व्हायवामध्ये विचारला जाईल म्हणून नाही, तर तुमचा विषय बहुतेक वेळा तिथेच सापडतो म्हणून. मला तसाच सापडला.

आता माझ्या त्या प्रकरणात नकाशा नाही. 'पुढे पाठवले' आणि 'निदान' या दोन रकान्यांमधले दिवस मोजण्याचं काम चालू आहे. ते नकाशापेक्षा खूप हळू होतं. एकेका नावामागे गावात जावं लागतं, आशाताईंना वेळ मागावा लागतो, आणि काही घरांत तर उशीर झाल्याचं कळतं. कमिटीला या वेळी दाखवण्यासारखं रंगीत काही नव्हतं, एक साधा तक्ता होता. प्रश्न मात्र आधीपेक्षा बरेच जास्त आले, आणि मला ते चांगलं लक्षण वाटलं.

तुमच्या सिनॉप्सिसमध्ये असा एखादा देखणा नकाशा असेल, तर आज रात्री तो उघडा आणि त्याखाली एका ओळीत लिहा : अंतर इथून सुरू, इथे संपलं. ओळ लिहिता आली नाही, तर काम कुठून सुरू करायचं ते तुम्हाला कळलंच आहे.